मागची आवृत्ती

गेल्या मे महिन्यातली दुपार. कूलर जिवाच्या आकांताने घरघरत होता आणि माझ्यासमोरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न उभा होता. उत्तरादाखल दोनच अक्षरं चालणार होती, वाय किंवा एन. मजकुराचा भावार्थ असा : सुरक्षेच्या नोंदी ठेवण्याची रचना बदललेली दिसते आहे, वाय दाबलंत तर जुनी नोंद पुसून नवी सुरू करू, मात्र तुमची डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरी-की वाचून ती उघडणार नाही, एन दाबलंत तर जुनी नोंद आहे तशी राहील.

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांत वावरते आहे. या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. जे वाक्य नीट कळलेलं नाही त्याला होकार द्यायचा नाही. मी एन दाबलं. पडदा क्षणभर विझला, मग निळा झाला, आणि त्या निळ्यावर आठ रिकाम्या जागा आल्या. प्रत्येक जागेत सहा आकडे. एकूण ४८. ते भरा, मग डिस्क उघडेल.

मी ते वाचत असतानाच संगणक आपणहून बंद पडून पुन्हा सुरू झाला.

हे सगळं मीच ओढवून घेतलं होतं. गेले काही दिवस ध्वनिमुद्रणं ऐकताना मध्येच हेडफोन तुटल्यासारखा व्हायचा. यूएसबीची जोडणी सुटायची, पुन्हा लागायची. मदरबोर्डच्या उत्पादकाच्या पानावर बायोसची नवी आवृत्ती आलेली होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं की यंत्रणा अधिक स्थिर होईल. त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात, असंही होतं की संगणक व्यवस्थित चालत असेल तर बायोसला हात लावू नये. बारीक अक्षर वाचणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. ते मी वाचलं आणि तरी पुढे गेले. यूपीएस जोडला होता. वीज गेली नाही, आंधी आली नाही, मी कुठलं चुकीचं बटण दाबलं नाही. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली, 'यशस्वी' असा शब्द उमटला. आणि त्या यशानंतर संगणक दर चार-पाच मिनिटांनी आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी त्याला एकच दिसू लागली. लिहिण्यात चूक नव्हती, जे लिहिलं गेलं तेच माझ्या यंत्राला मानवत नव्हतं. भाषांतरातही असं होतं. प्रत्येक शब्द बरोबर असतो आणि परिच्छेद चालत नाही.

बायोस म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत ढोबळच माहीत होतं. संगणकाचं बटण दाबल्यावर प्रोसेसरला सुरुवातीला काहीच ठाऊक नसतं. आपल्याला रॅम आहे, डिस्क आहे, कळफलक आहे, हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा मजकूर मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. हे नाव गॅरी किल्डॉलने १९७०च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीच्या एका भागाला दिलं. 'बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम'ची ती आद्याक्षरं. ग्रीक भाषेत बिओस म्हणजे जीवन, आयुष्य, हा योगायोग असावा. पण तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलेल्या माणसाला तो सोडवत नाही. आज जे असतं त्याचं खरं नाव यूईएफआय, तरी दुकानात, घरात, सगळीकडे बायोसच म्हणतात.

पूर्वी हा मजकूर रॉममध्ये असे. रॉम म्हणजे फक्त वाचण्यापुरती. कारखान्यात एकदा कोरलं की कोरलं. पुढे पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आली, आणि चूक सुधारण्याची सोय झाली तशी चूक करण्याचीही झाली. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८मध्ये लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला, तेव्हा त्याने डिस्कवरचा मजकूर तर उडवलाच, पण जमेल तिथे बायोसची चिपही खरडून टाकली. तारीख चेर्नोबिलची म्हणून लोकांनी व्हायरसलाही तेच नाव दिलं. त्यानंतर काही मदरबोर्डांवर बायोसच्या दोन चिप येऊ लागल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. माझ्या बोर्डावर एकच होती.

आता त्या डिस्कवर काय होतं ते सांगते.

मी तेव्हा एका राजस्थानी कथासंग्रहाचं मराठी भाषांतर करत होते. लेखक मारवाडकडचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यांच्या घरचं आहे. सुरुवातीला मी पत्राने शंका विचारत असे. हात थरथरू लागल्यावर ते म्हणाले, लिहिणं आता होत नाही, तू फोन कर, मी बोलतो. त्यांच्या परवानगीने मी ते बोलणं मुद्रित करू लागले. अकरा ध्वनिमुद्रणं झाली. एका शब्दाचा अर्थ विचारावा तर ते आधी तो शब्द दोनदा उच्चारत, मग आपल्या आजीने तो कधी वापरला होता ते सांगत, मग खोकत, मग एखादं गाणं अर्धं म्हणत. जानेवारीत ते गेले. महिनाभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. बापूंचा आवाज तुमच्याकडे आहे ना, आमच्याकडे मोबाइलमध्ये लग्नातले दोन व्हिडिओ आहेत, त्यात बँडच ऐकू येतो. मी म्हटलं, पाठवते. आणि पाठवलं नाही. आधी ऐकून, खोकला-खाकरा काढून, नीट नावं देऊन पाठवावं असं मनात होतं. मजकुराच्या फायली ऑनलाइन सुरक्षित होत्या. ध्वनिमुद्रणं मोठी, म्हणून ती फक्त त्या एका डिस्कवर राहिली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला.

भाच्याला पुण्याला फोन लावला. २०२१मध्ये त्यानेच या संगणकाचे सुटे भाग मागवून, सुट्टीत इथे येऊन तो जोडून दिला होता. तो म्हणाला, "मावशी, बोर्डवरचा सेल काढ, पाच मिनिटं थांब, परत लाव." सेल म्हणजे नाण्याएवढी बटण-बॅटरी. तो काढला की बायोसच्या सेटिंग विसरल्या जातात. विसरल्या. घड्याळही विसरलं : पडद्यावर १ जानेवारी २०२१ ही तारीख आली. पण आवृत्ती नवीच राहिली. सेल काढल्याने सेटिंग जातात, मजकूर जात नाही, तो चिपमध्येच असतो. मग बायोसमधल्याच सोयीने जुनी फाइल चढवायला गेले तर यंत्राने नकार दिला. सुरक्षेतल्या भोकांवर ठिगळ लावलेल्या आवृत्तीवरून ठिगळ नसलेल्या आवृत्तीवर कुणी परत जाऊ नये म्हणून काही उत्पादक हा दरवाजा एकाच दिशेने उघडता ठेवतात. कारण पटण्यासारखं आहे. दाराच्या आत अडकलेल्या माणसाला मात्र ते कितीही पटलं तरी उपयोग नसतो.

"मग आता चिपच बाहेरून लिहावी लागेल," भाचा म्हणाला. "तिकडे कोणी लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणारा शोध. डेस्कटॉपवाला नको."

जयपुरात एम. आय. रोड म्हणजे मिर्झा इस्माइल रोड. त्याला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात असा माणूस मिळाला. वर झगमगीत मोबाइलची दुकानं, खाली दीड माणूस मावेल एवढी खोली. एक सूक्ष्मदर्शक, एक गरम हवेची मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले बोर्ड. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी सगळी हकीकत सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग एकच प्रश्न विचारला.

"वाय दबाया कि एन?"

"एन."

"अच्छा किया." मग जरा थांबून म्हणाला, "फिर भी मैडम, पुराना बायोस डालूँगा तो ताला नंबर माँगेगा ही, ये मानके चलो. बायोस मेरा काम है. नंबर आपका."

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर? मी विचारलं. तो हसला. कुलूप डिस्कला आहे, संगणकाला नाही. कुठेही लावा, ४८ आकडे लागतील.

त्या रात्री मी घर उलटंपालटं केलं. भाच्याने कुलूप लावलं तेव्हा त्याने मला बजावल्याचं आठवत होतं की मावशी, हा नंबर जपून ठेव, तुझ्या मशीनला ऑनलाइन खातं जोडलेलं नाही, त्यामुळे तो दुसरीकडे कुठेच नाही. छापायला गेलो तर प्रिंटरची शाई संपलेली. म्हणून मी तो हाताने उतरवून घेतला होता. कशात? कपाटं झाली, बँकेची फाइल झाली, मोल्सवर्थच्या कोशाची पानंही झटकून झाली. नवरा म्हणाला, "तू महत्त्वाचं काहीही कधी महत्त्वाच्या जागी ठेवत नाहीस. तू त्या वेळी जे करत होतीस त्यात बघ." त्या वेळी मी या कथासंग्रहाच्याच शब्दांची वही सुरू केली होती. वही कूलरच्या शेजारच्या फळीवर होती. शेवटच्या पानावर नंबर होता, देवनागरी आकड्यांत, आठ ओळींत आठ गट. आणि उन्हाळ्याउन्हाळ्यांत कूलरचे शिंतोडे उडून त्या पानाच्या कडेला चहाच्या रंगाचा डाग पडला होता. सात गट स्वच्छ. आठव्यातला एक आकडा फुटला होता. उभी रेघ दिसत होती. वर काहीतरी गोल असावं. एक किंवा नऊ. माझ्या अक्षरात १ आणि ९ एरवीही भावंडांसारखे दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा त्याने मदरबोर्ड उघडाच टेबलावर मांडला होता. चिप बघून माझी निराशा झाली. आठ पायांचा एक काळा किडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. यात १६ मेगाबाइट मजकूर मावतो. त्याने एक छोटा चिमटा त्या आठ पायांवर बसवला. चिमट्याची वायर एका काडेपेटीएवढ्या प्रोग्रॅमरला, आणि तो यूएसबीने त्याच्या लॅपटॉपला. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते. स्वस्तातले काही प्रोग्रॅमर तिच्या तारांवर पाच व्होल्ट सोडतात आणि चिप हळूहळू मरते, म्हणून आपल्या प्रोग्रॅमरमध्ये त्याने स्वतः डाग देऊन बदल केला होता. हे तो मला सांगत नव्हता, शेजारच्या पोराला शिकवत होता. मी ऐकत होते.

मला वाटलं होतं आता तो जुनी फाइल लिहून मोकळा होईल. त्याने आधी चिप वाचली. सगळी वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. दोन्ही वाचनं एकमेकांशी ताडून पाहिली. जुळली नाहीत. चिमटा काढला, पाय पुसले, पुन्हा बसवला, पुन्हा दोनदा वाचलं. आता जुळलं. तेव्हा कुठे त्याने ते वाचन तारीख घालून जपून ठेवलं.

"ये तो ख़राब वाला है," मी म्हणाले. "इसे क्यों रख रहे हैं?"

"इसी में आपके बोर्ड का सीरियल नंबर है, लैन का पता है. कंपनी की फ़ाइल में तो वो होगा नहीं. जो उसमें नहीं है वो इसमें से लेना पड़ेगा." मग पोराकडे वळून म्हणाला, "पहले पढ़ो. दो बार पढ़ो. लिखना सबसे आख़िर में."

उत्पादकाच्या जुन्या फाइलीवर डोक्याशी थोडा जादा मजकूर असतो, तो काढावा लागतो. मग बोर्डाची स्वतःची ओळख तिच्यात बसवावी लागते. मग चिप पुसणं, लिहिणं, लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलीशी ताडणं. त्याच्याकडे आधीची दोन कामं पडलेली होती. तास-दीड तास लागेल म्हणाला. तळघरात पंखा नव्हता. मी बाहेर पडले आणि ई-रिक्षा करून जंतरमंतरला गेले. सतरा वर्षं या शहरात राहून मी तिथे फक्त पाहुण्यांबरोबर गेले होते.

मेच्या उन्हात तिथे फारसं कोणी नसतं. सम्राट यंत्राच्या सावलीला टेकून उभी राहिले. सुमारे २७ मीटर उंचीचा हा दगडी जिना म्हणजे जगातल्या सगळ्यांत मोठ्या सावलीच्या घड्याळांपैकी एक. सावली बाजूच्या संगमरवरी कमानीवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी वेळ जाताना दिसतो. तो वेळ आपल्या घड्याळांशी जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, जयपूर तिच्या पश्चिमेला, म्हणून इथला सूर्य सरासरीने सुमारे २७ मिनिटं मागे चालतो. सवाई जयसिंहांनी आधी पितळेची यंत्रं करून पाहिली होती. त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतो, असा अनुभव आल्यावर त्यांनी दगड-चुन्याची, न हलणारी यंत्रं बांधली; मुहम्मदशाह बादशहाच्या नावे तयार करवलेल्या सारण्यांच्या प्रस्तावनेत हे कारण दिलेलं आहे. रॉमच्या बाजूचा माणूस, असं मला तेव्हा वाटून गेलं. एकदा लिहिलं की लिहिलं.

पण तसं ते नाही. दगडालाही आवृत्त्या असतात. आज आपण बघतो ते जंतरमंतर १९०१-०२च्या मोठ्या दुरुस्तीतून आलेलं आहे. ती ज्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली त्या गॅरेटच्या जोडीला कोवळ्या वयाचे चंद्रधर शर्मा गुलेरी होते. होय, 'उसने कहा था' ही कथा लिहिणारे तेच गुलेरी. खुणा पुन्हा आखायच्या म्हणजे मूळ खुणा कुठे होत्या ते आधी वाचावं लागतं. झिजलेलंही वाचावं लागतं.

आणि याच दरबारात आमच्या धंद्यातला एक पूर्वज होऊन गेला. जगन्नाथ सम्राट. परंपरेने तो महाराष्ट्रीय ब्राह्मण मानला जातो. जयसिंहांच्या पदरी राहून तो अरबी-फारसी शिकला आणि नसिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. ते 'रेखागणित'. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'वरूनही त्याने संस्कृत ग्रंथ रचला. ग्रीकमधून अरबी, अरबीतून संस्कृत. गंमत अशी की रेखागणितात युक्लिडचं नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं, मग ते लोपलं, आणि ते पुन्हा प्रकाशात आणलं आहे, असं तो म्हणतो. विद्यार्थिदशेत हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. चिपमधला सीरियल नंबरच उडवला की याने. त्या उन्हात मात्र वाटलं, त्याला आपल्या वाचकांत प्रमेयं चालवायची होती, आणि युक्लिडच्या नावाने ती सुरूच झाली नसती. मला त्याचं करणं पटलं असं नाही. पण माझ्या टेबलावरच्या बाडात मी काय केलं आहे, ते त्याच क्षणी आठवलं. त्यावर येतेच.

परत आले तर काम झालं होतं, पडदा मात्र काळा. एक मिनिट, दोन, तीन. पंखे फिरताहेत, पडद्यावर काही नाही. माझा जीव टांगणीला. तो चहा पीत होता. म्हणाला, रॅमशी नव्याने ओळख करून घेतोय, थांबा, घाई करून बंद करू नका, पहिल्यांदा वेळ लागतो. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. कोपऱ्यात जुन्या आवृत्तीचा क्रमांक, रॅमच्या पट्ट्या दोन्ही, तारीख १ जानेवारी २०२१. तारीख आणि सुरक्षित बूटची सेटिंग त्याने हाताने लावली. मग निळा पडदा आणि आठ रिकाम्या जागा.

मी वही उघडली, डाग दाखवला. एक किंवा नऊ. दोन्ही करून बघू, म्हटलं. त्याने मान हलवली.

"करके देखने की ज़रूरत नहीं. छह-छह का हर टुकड़ा ग्यारह से कटता है. कटेगा तो सही, नहीं कटेगा तो ग़लत."

अकराची कसोटी! शाळेत शिकलेली. एक सोडून एक आकड्यांची बेरीज करायची, दोन्ही बेरजांची वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली पाहिजे. माझा खरा गट इथे कसा छापणार, पण तसाच दुसरा घेऊन दाखवते. समजा ५०६, मग डाग, मग २४. पहिला, तिसरा, पाचवा : ५, ६, २ मिळून १३. दुसरा आणि सहावा : ० आणि ४, त्यात डागातला आकडा मिळवून १३ व्हायला हवेत. म्हणजे ९. एक धरला तर बेरीज ५, फरक ८, जमत नाही. गट लिहिताना चूक होणारच हे गृहीत धरून ती पकडण्याची सोय आकड्यांच्याच अंगात ठेवलेली. वृत्तात बसत नाही म्हणून पोथीतला भ्रष्ट पाठ ओळखावा, तसंच हे. दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे मी बेरीज मांडली. नऊ.

एकेक गट भरत गेले. आठवा भरल्यावर निळा पडदा गेला आणि माझं टेबल दिसलं, चार दिवसांपूर्वी ठेवलं होतं तसं.

घरी आल्यावर संध्याकाळी ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी केल्या. मग सातवं लावलं. त्यात 'ओळूं' या शब्दाची चर्चा आहे. राजस्थानीत आपल्यासारखाच ळ आहे. हिंदीच्या वाटेने आलेल्या छपाईत त्याचा पुष्कळदा ल होऊन जातो. पहिल्या खर्ड्यात मी ओळूं तसाच ठेवला होता. संपादक म्हणाले, वाचक अडखळेल. तेव्हा लेखक आजारी होते, मला पुस्तक पुढे न्यायचं होतं. शोधा-आणि-बदला करून ४१ ठिकाणी मी 'आठवण' घातलं. चार सेकंदांचं काम. यंत्राने 'यशस्वी' असं सांगितलं होतं, तेव्हाही.

ध्वनिमुद्रणात ते म्हणतात, "याद तो आदमी करे. ओळूं आप आवै." मग खोकला. मग म्हणतात, वाण्याच्या यादीची याद राहते, तिची ओळूं येत नाही. जो माणूस समोर नाही त्याचीच येते. आणि तो ळ. जीभ टाळूला लागून मागे पडताना ऐकू येणारा. माझ्या आईच्या तोंडचा ळ.

मागची आवृत्ती परत घ्यायची, असं ठरवून पहिला खर्डा उघडला. पण मधल्या आठ महिन्यांत त्याच वाक्यांवर माझा हात दुसऱ्या कारणांनी फिरला होता, आणि ते बदल बरे होते. जुनी फाइल सरळ वर ठेवली असती तर तेही गेले असते. मग दोन्ही पाठ शेजारी ठेवून, एकेक जागा दोनदा वाचत गेले. तीन रात्री लागल्या. ४१पैकी २९ ठिकाणी ओळूं परत आलं. १२ ठिकाणी 'आठवण'च राहिली. तिथे ती शोभत होती, आणि दोन ठिकाणी तर लेखकाने तरी मूळ शब्द तिथे का वापरला असावा असं वाटलं. ते आता विचारता येणार नाही. संपादकांना पत्र लिहिलं. त्यांनी मानलं, तळटीप मात्र एक मागितली. दिली.

संगणक सध्या जुन्या आवृत्तीवर चालतो आहे. यूएसबीचा त्रास होता तसा आहे. हेडफोन मी पुढच्या जोडणीत लावते, तिथे तो सुटत नाही. हे साधं कामचलाऊ उत्तर आधी सुचलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. कायम इथे थांबता येणार नाही हेही कळतं. जुन्या आवृत्तीत भोकं आहेत, त्यांच्यासाठी कधीतरी पुढे जावंच लागेल. पण ज्या आवृत्तीने घोळ घातला ती वगळून तिच्यानंतरची येऊ दे. तोवर वहीच्या नव्या पानावर, कूलरपासून लांब, तिचा क्रमांक, सगळ्या सेटिंग आणि ते ४८ आकडे लिहून ठेवले आहेत. नऊ जरा मोठा काढला आहे.

अकराही ध्वनिमुद्रणं लेखकांच्या मुलीला पाठवली, खोकला न काढता. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे कुणीतरी मुद्रण लावलेलं होतं, त्यात ते अर्धं गाणं म्हणत होते. मग ती म्हणाली, "इनको खाँसी कितनी थी, हम भूल ही गए थे."